एकत्र की वेगळे? गाडीचा सेल्फ आणि चार्जिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेल्फ आणि डायनामो ही दोन वेगळी यंत्रं असतात ना? मग ‘एकत्र’ म्हणजे नेमकं काय?

जुन्या पद्धतीत दोन यंत्रं असतात. एक सेल्फची मोटर. बटण दाबल्यावर ती बॅटरीतून करंट ओढते, इंजिन फिरवते आणि मोकळी होते. दुसरं यंत्र इंजिन चालू झाल्यावर वीज तयार करतं. कारमध्ये तो अल्टरनेटर असतो (गॅरेजात आजही त्याला डायनामोच म्हणतात), स्कूटरमध्ये मॅग्नेट आणि कॉइल प्लेट. एकत्र पद्धतीत ही दोन्ही कामं एकच यंत्र करतं. सुरुवातीला ते मोटर असतं आणि इंजिनाने वेग घेतला की जनरेटर होतं. मोटर आणि जनरेटर मुळात सारखेच असतात. वीज दिली की फिरतात, फिरवलं की वीज देतात.

इतकं सोपं असेल तर इतकी वर्षं दोन वेगळी यंत्रं का बसवली?

सगळी गोम गिअरच्या गुणोत्तरात आहे. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं इथूनच निघतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

कारच्या फ्लायव्हीलच्या (इंजिनाला जोडलेल्या जड चाकाच्या) रिंगला शंभरावर दात असतात आणि सेल्फच्या पिनियनला (मोटरच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाला) नऊ-दहा. म्हणजे गुणोत्तर साधारण १२ ला १. इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरवायचं तर पिनियन २४०० फेऱ्या घेतो. त्यामुळे छोटीशी मोटरही कॉम्प्रेशनवर (सिलिंडरमधल्या हवेच्या दाबावर) मात करते. आता इंजिन सुरू झालं, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला आणि ते ६००० वर गेलं. पिनियन रिंगला अडकूनच राहिला तर मोटरला ७२,००० फेऱ्या घ्याव्या लागतील, आणि त्याच्या कितीतरी आधी आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) चिंध्या होतील. म्हणून इंजिन सुरू होताच पिनियन मागे ओढणारी बेंडिक्स आणि वनवे क्लच लागतात.

अल्टरनेटरचं गणित उलटं आहे. तो इंजिनाला कायम जोडलेला असतो, त्यामुळे त्याचं गुणोत्तर अडीच-तीनच्या पुढे नेता येत नाही. याच अल्टरनेटरने पट्ट्यावरून इंजिन फिरवायचं म्हटलं, तर सेल्फच्या मानाने जवळजवळ पाचपट पीळ (टॉर्क) त्याला एकट्याने द्यावा लागतो. शिवाय सेल्फ काही सेकंदच चालतो. जाड तारा, प्रचंड करंट आणि थंड करायची सोय नाही, अशी त्याची बांधणी असते. अल्टरनेटर मात्र पुणे ते नागपूर न थांबता चालायला हवा. एकाच यंत्राकडून दोन्ही कामं करून घ्यायची तर कुठेतरी तडजोड आलीच.

म्हणजे एकत्र यंत्र ही अलीकडची कल्पना आहे?

छे! सेल्फचा जन्मच एकत्र यंत्रातून झाला. १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगच्या डेल्को कंपनीने जी यंत्रणा बसवली, तीत मोटर आणि जनरेटर एकच होतं. स्टार्ट करताना २४ व्होल्ट आणि चार्ज करताना ६ व्होल्ट, अशी स्विचांची करामत त्यासाठी केलेली होती. पुढे किंमत आणि वजन परवडेना, तेव्हा बहुतेक मोटारींनी दोन यंत्रं वेगळी केली.

लहान इंजिनांत मात्र एकत्र यंत्र टिकून राहिलं. युरोपात १९५०-६० च्या दशकांत ‘डायनास्टार्ट’ नावाने ते बीएमडब्ल्यू इसेटामध्ये होतं, मेसरश्मिट केआर २०० या तीनचाकीत होतं, व्होल्वो पेंटाच्या बोटींच्या डिझेल इंजिनांतही होतं. केआर २०० ची तर गंमतच होती. तिला रिव्हर्स गिअर नव्हता. गाडी मागे न्यायची असेल तर इंजिन बंद करायचं आणि डायनास्टार्टने उलट्या दिशेला सुरू करायचं. टू-स्ट्रोक असल्यामुळे ते उलटंही तितकंच आनंदाने चालायचं, आणि चारही गिअर मागे जायला मोकळे!

मग मध्येच मागे पडलेली कल्पना आता का परतली?

इलेक्ट्रॉनिक्समुळे. डायनास्टार्टमध्ये कार्बन ब्रश होते, वजनदार कॉइल्स होत्या, आणि नियंत्रण म्हणजे रिले आणि कट-आउट. आताच्या स्कूटरमध्ये क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकाला बसलेलं मॅग्नेट तेच असतं, फक्त त्याच्या थ्री-फेज कॉइल्सना मॉस्फेटचं (इलेक्ट्रॉनिक स्विचांचं) कंट्रोलर आणि रोटर कुठे आहे हे सांगणारे सेन्सर जोडलेले असतात. मॅग्नेट स्कूटरवर आधीपासून होतंच. त्याच्याकडून मोटरचंही काम करून घेण्याइतकी अक्कल आता स्वस्तात मिळते, एवढाच फरक.

माझ्या स्कूटरला कोणती पद्धत आहे हे कसं ओळखायचं?

कानाने. बटण दाबल्यावर ‘खर्रर्र’ असा दातांचा आवाज आला तर वेगळा सेल्फ आहे. आवाज न करता इंजिन थेट सुरू झालं तर एकत्र. होंडाने भारतात २०१९ अखेर आणि २०२० मध्ये आलेल्या बीएस-६ मॉडेलांत, म्हणजे ॲक्टिव्हा १२५, एसपी १२५ आणि ॲक्टिव्हा ६जी यांत, ही ‘एसीजी स्टार्टर’ (एसी जनरेटरच स्टार्टर) पद्धत आणली. नंतर टीव्हीएस, यामाहा यांच्याही काही स्कूटर त्याच वाटेने गेल्या.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं (आयडल स्टॉप) म्हणून ती एकत्र पद्धतच, असं समजू नका. हीरोच्या स्प्लेंडर आयस्मार्टला २०१४ मध्ये ही सोय साध्या सेल्फवरच होती.

आवाज नाही हे ठीक, पण उपयोग काय?

सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे घासणारे भाग जातात. बेंडिक्स नाही, रिडक्शन गिअर नाहीत, वेगळी मोटर नाही, मोटरचे कार्बन नाहीत. जुन्या स्कूटरच्या सेल्फच्या तक्रारी घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा यांपैकीच एखाद्या झिजलेल्या भागाचं दुखणं घेऊन येतं. दुसरं, पुन्हा पुन्हा स्टार्ट करायला यंत्र कुरकुरत नाही, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद ठेवणं व्यवहार्य होतं. मायलेजचा फायदा ज्याच्या रस्त्यावर सिग्नल आहेत त्यालाच. रोज गाव ते तालुका अशी मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

एवढीशी बॅटरी बिनगिअरच्या मोटरला कशी पुरते?

यात खरी हुशारी आहे. क्रँकवरच बसलेल्या मोटरला गिअरची मदत नाही, म्हणजे कॉम्प्रेशनचा पहिला धक्का तिला एकटीलाच पेलायचा. म्हणून होंडाच्या पद्धतीत बटण दाबल्यावर मोटर आधी इंजिनला किंचित उलटं फिरवते. पिस्टन मागे जातो, धाव घ्यायला जागा मिळते आणि मग पुढे येताना वेगाच्या जोरावर तो कॉम्प्रेशन पार करतो. जोडीला डीकॉम्प्रेसर असतो, जो सुरुवातीला व्हॉल्व किंचित उघडा ठेवून दाब कमी करतो. हे सगळं इतक्या झटपट होतं की उलटं फिरणं बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

मात्र बॅटरी अर्धमेली असेल तर ही हुशारीही कामाला येत नाही.

बॅटरी उतरली तर काय? किक असायलाच हवी का?

असलेली बरी. ॲक्टिव्हा ६जीला किक ठेवलेली आहे आणि ते शहाणपणाचं आहे. पण इंजेक्शनच्या गाडीत किकवर फार भिस्त ठेवू नका. पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांनाही वीज लागते. बॅटरीत थोडी धुगधुगी असेल तर किकने काम होतं, पूर्ण मेली असेल तर घाम गाळूनही गाडी सुरू होईलच असं नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या स्कूटरचा अनुभव इथे लावू नका.

आठवडाभर स्कूटर लावून गावी जाणार असाल, तर परत आल्यावर पहिला स्टार्ट किकने करा. बॅटरीचं आयुष्य मराठवाडा-विदर्भातल्या उन्हाळ्यात आधीच कमी होतं. तिच्यावर आणखी अत्याचार कशाला?

बिघडलं तर कोणतं महाग पडतं?

एकत्र यंत्र कमी वेळा बिघडतं, पण बिघडलं की बिल मोठं येतं.

वेगळ्या सेल्फचं दुखणं गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला समजतं. कार्बन बदला, बुश बदला, आर्मेचर टर्न करा, रिले बदला. चार्जिंगचं दुखणं वेगळं. तिथे कॉइल प्लेट रिवाइंड होते, आरआर युनिट (चार्जिंगची वीज बॅटरीजोगी करणारा डबा) बाजारात मिळतं. दोन्ही यंत्रं एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे सेल्फ गेला तरी किक मारून तुम्ही घरी पोचता आणि बॅटरी चार्ज होत राहते.

एकत्र पद्धतीत कंट्रोलर जळालं तर स्टार्ट आणि चार्जिंग दोन्ही एकदम जाऊ शकतात. काही रचनांत रोटरचा सेन्सर गेला की स्पार्कची वेळही चुकते, मग किकचाही उपयोग नाही. दुरुस्तीला निदानाचं उपकरण लागतं आणि पार्ट सहसा अख्खा बदलावा लागतो. सर्व्हिस सेंटर पन्नास किलोमीटरवर असेल तर हा हिशेब नक्की करा. शहरात राहणाऱ्याने फार काळजी करायचं कारण नाही.

अशा गाड्यांच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ यंत्रात नसून कनेक्टरमध्ये सापडतं, असं माझं मत आहे. प्रेशर पंपाने धुताना सीटखालच्या आणि मॅग्नेटच्या बाजूच्या कनेक्टरांवर थेट झोत मारू देऊ नका. हिरवट गंज चढला की ‘सेल्फ घेत नाही’ ही रड सुरू होते.

आयडल स्टॉपचं बटण बंद ठेवलं तर चालेल?

चालेल. बटण त्यासाठीच दिलंय.

मोटर इंजिनला जोर देते म्हणून स्कूटरला ‘हायब्रिड’ म्हणतात. ते खरं का?

तांत्रिकदृष्ट्या खरं, जाहिरातीइतकं नाही. यामाहाच्या फसिनो १२५ हायब्रिडमध्ये (२०२१) हेच यंत्र थांबलेल्या गाडीला निघताना थोडा वेळ ढकलतं. डबलसीट बसून चढावर निघताना फरक जाणवतो. विजेवर स्कूटर चालणार नाही, आणि ती अपेक्षाही ठेवू नये.

मारुतीच्या ‘स्मार्ट हायब्रिड’ कारमध्ये एकत्र यंत्र आहे, तरी बॉनेटखाली जुना सेल्फही दिसतो. दोन-दोन कशाला?

अगदी योग्य निरीक्षण. २०१५ मध्ये सियाझ डिझेलपासून ही पद्धत आपल्याकडे आली. अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावरचं एकत्र यंत्र बसतं. ते सिग्नलला बंद पडलेलं गरम इंजिन पटकन सुरू करतं, वेग घेताना थोडा जोर देतं आणि ब्रेक मारताना वीज परत मिळवतं. पण सकाळी थंड इंजिनात तेल घट्ट असतं. त्या वेळी पट्ट्यावरून लागेल तेवढा पीळ देणं १२ व्होल्टच्या यंत्राला जड जातं. म्हणून दिवसाचा पहिला स्टार्ट जुना पिनियनवाला सेल्फच घेतो. वर सांगितलेलं पाचपटीचं गणित आठवा.

थोडक्यात, या गाड्यांत तुम्हाला ‘एकत्र’चा फायदा मिळतो, पण यंत्रं काही कमी होत नाहीत. सुरुवातीला केंद्राच्या फेम (विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांना सवलत देणाऱ्या) योजनेतून डिझेलच्या अशा गाड्यांनाही सवलत होती, ती एप्रिल २०१७ पासून बंद झाली. मी कुणाला केवळ या सोयीसाठी वरचं मॉडेल घ्या असं सांगणार नाही. हव्या त्या मॉडेलमध्ये ती आपसूक येत असेल तर आनंदाने घ्या.

पट्टा पावसाळ्यात घसरत नाही?

साध्या अल्टरनेटरला पट्टा एकाच बाजूने ताणलेला असतो, म्हणून ढिल्या बाजूला एक टेन्शनर पुरतो. एकत्र यंत्र इंजिन फिरवायला लागलं की ताणलेली बाजू ढिली होते आणि ढिली बाजू ताणली जाते. त्यामुळे दोन्हीकडून सांभाळणारा खास टेन्शनर लागतो. पट्टाही वेगळा असतो. ‘दिसायला सारखाच आहे’ म्हणत बाहेरून साधा पट्टा टाकून घेतला तर किंचाळणं, घसरणं आणि स्टार्ट न होणं हे ओघानेच येतं. या बाबतीत काटकसर नको.

४८ व्होल्टच्या गाड्या वेगळ्या का मानतात?

कारण व्होल्टेज चौपट झालं की तेवढ्याच ताकदीला करंट चौथाई लागतो. तारा बारीक होतात, उष्णता घटते आणि १० ते १५ किलोवॅटची मोटर शक्य होते. साध्या कारचा सेल्फ एक-दीड किलोवॅटचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. चाकणला तयार होणाऱ्या मर्सिडीज सी-क्लासमध्ये असं यंत्र पट्टा वगळून थेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसवलेलं आहे. इंजिन सुरू झालेलं टॅकोमीटरवर बघितल्याशिवाय कळत नाही. बिलाचं विचारू नका.

टोयोटाच्या हायब्रिडमध्ये सेल्फ कुठे असतो?

नसतोच, आणि अल्टरनेटरही नसतो. इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर किंवा त्याच तंत्रावरचं मारुतीच्या ग्रँड व्हिटाराचं स्ट्राँग हायब्रिड मॉडेल, यांत गिअरबॉक्समधली एक मोटर इंजिन सुरू करते आणि पुढे त्याच इंजिनाकडून वीज तयार करून घेते. छोटी १२ व्होल्टची बॅटरी फक्त संगणक जागे करायला असते. पण ती मेली तर गाडी ‘रेडी’ होत नाही, मोठी बॅटरी भरलेली असली तरी. पार्किंगमध्ये अडकलेले लोक नेमके इथे चक्रावतात.

रेल्वेच्या डिझेल इंजिनात काय असतं?

हा प्रश्न आला की मला बोलायला आवडतं, कारण इथे इतिहास उलट दिशेने गेला.

आपल्याकडे १९६२ पासून आलेलं अल्को या अमेरिकी कंपनीच्या बनावटीचं डब्ल्यूडीएम-२ इंजिन २६०० अश्वशक्तीचं. डिझेल इंजिन डीसी जनरेटर फिरवतं आणि जनरेटर चाकांच्या मोटरांना वीज देतो, अशी रचना. एवढं अवाढव्य इंजिन फिरवायला वेगळा सेल्फ हवाच कशाला? बॅटरीची वीज त्याच मुख्य जनरेटरला उलटी दिली की तो मोटर बनून इंजिन फिरवायचा. डीसी यंत्राला त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सची गरज नसते, मोठे कॉन्टॅक्टर पुरतात.

पुढे डीसी जनरेटर जाऊन अल्टरनेटर आणि रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारी यंत्रणा) आले. ते हलके आणि कमी देखभालीचे होते, पण रेक्टिफायरचे डायोड वीज एकाच दिशेला जाऊ देतात. मुख्य यंत्राकडून इंजिन फिरवून घेणं संपलं. अल्को घराण्यातल्या पुढच्या इंजिनांत मग ऑक्झिलरी जनरेटर आणि एक्सायटर या छोट्या डीसी यंत्रांना मोटर बनवून काम भागवलं गेलं. नंतर आलेल्या ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या बनावटीच्या डब्ल्यूडीजी-४ ला सरळ दोन वेगळे स्टार्टर मोटर दिलेले आहेत, पिनियन आणि रिंग गिअरसह, अगदी ट्रकसारखे.

म्हणजे स्कूटर वेगळ्याकडून एकत्राकडे आली आणि रेल्वे एकत्राकडून वेगळ्याकडे गेली. दोघांचेही निर्णय आपापल्या जागी बरोबर.

विमानात?

छोट्या टर्बाइन इंजिनांत एकत्र यंत्र सर्रास असतं. कानपूरला एचएएलमध्ये बनणाऱ्या डॉर्नियर २२८ मध्ये ते आहे. टर्बाइनला पिस्टनसारखा कॉम्प्रेशनचा धक्का नसतो. हळूहळू वेग वाढवत न्यायचं, ठरावीक वेगाला इंधन पेटवायचं, आणि इंजिनाने स्वतः भार उचलला की यंत्र जनरेटर होतं. एकच गुणोत्तर दोन्ही कामांना चालतं.

सेसना १७२ सारख्या पिस्टनच्या शिकाऊ विमानात मात्र कारप्रमाणे स्टार्टर वेगळा, अल्टरनेटर वेगळा. मोठ्या जेटमध्येही बोइंग ७३७ दाबाच्या हवेने इंजिन फिरवतं आणि वीज वेगळ्या जनरेटरने बनवतं. बोइंग ७८७ ने ती हवेची पद्धत काढून टाकली. त्याच्या प्रत्येक इंजिनावर २५० केव्हीएचे दोन स्टार्टर-जनरेटर असतात. नागपूरच्या मिहानमध्ये एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या (पूर्वी एअर इंडियाच्या) देखभाल केंद्रात ही विमानं येतात.

ट्रॅक्टर, पंपाचं डिझेल इंजिन, जनसेट यांसाठी कोणतं चांगलं?

वेगळंच. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, धूळ आणि चिखल जास्त, आणि ऐन पेरणीत बिघाड झाला तर तालुक्याच्या गावी दोन तासांत दुरुस्ती व्हायला हवी. दिवसातून दोनदा स्टार्ट होणाऱ्या यंत्राला पटकन रीस्टार्टचा काय उपयोग?

जुन्या स्कूटरला ही यंत्रणा बसवून घेता येईल का?

नाही. मॅग्नेट, कॉइल्स, सेन्सर, कंट्रोलर, डीकॉम्प्रेसर आणि वायरिंग हा सगळा संच त्या इंजिनासाठी बनवलेला असतो. जुन्याचा सेल्फ कुरकुरत असेल तर कार्बन आणि बेंडिक्स बघून घ्या, तेवढ्याने ती आणखी काही वर्षं चालेल.

सेकंडहँड सायलेंट स्टार्टची स्कूटर बघायला जातोय. काय तपासू?

रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्यांदा तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. मल्टीमीटर घेऊन जा. चालू नसताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर आणि इंजिन थोडं वाढवल्यावर १४ ते साडेचौदाच्या दरम्यान दिसायला हवी. १३ च्या खाली राहत असेल किंवा १५ च्या वर जात असेल तर कंट्रोलर किंवा कॉइलची शंका घ्या. मग आयडल स्टॉप चालू करून इंजिन चांगलं गरम झाल्यावर चार-पाच वेळा थांबा आणि निघा. एखाद्या वेळी जरी अडखळली, तरी बॅटरी नवी टाकून पुन्हा तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मॅग्नेटच्या बाजूच्या वायरींना टेप गुंडाळलेला दिसला तर तो कुणी आणि का गुंडाळला हे आधी विचारा.